सहा खुर्च्या

टेबल आर्वीहून टेम्पोत आलं आणि दारातच अडलं.
शालिक सुतारानं चारही पाय कापले,
आत नेऊन पुन्हा ठोकले.
तेव्हापासून एक पाय आखूड.
त्याच्याखाली चौघडी करून
कोणाच्या तरी लग्नाची पत्रिका.

सहा खुर्च्या. घरात आम्ही सात.
सातवं कोण, हे कोणी विचारलं नाही.
खरं तर टेबल आईच्याच गुडघ्यांसाठी आलं होतं,
डॉक्टरनं सांगितलं होतं, खाली बसणं बंद.
"मी काय, बसीन मंग," ती म्हणाली,
आणि ओट्याशी उभ्याउभ्या
भाकरीचा तुकडा मोडत
दोन वर्षं झाली.

टेबलाशी बाकी सगळं बसलं:
निवडायची तूर, विजेची बिलं,
धाकट्याचं दप्तर,
खिडकीजवळच्या खुर्चीत तर
एकवीस दिवस खुडूक कोंबडी.

फाल्गुनात मला पाहायला अकरा जण आले,
एका क्रूझरमधून.
पाटवडीचा रस्सा, वर बोटभर तर्री,
गोळाभात, कढी.
मोठ्यांना खुर्च्या, बाकीचे सतरंजीवर.

मुलाचे आजोबा, डोमाजी राऊत,
आधी खुर्चीच्या कडेवर टेकले,
मग पाय वर घेऊन मांडी घालू लागले.
खुर्ची करकरली.
"खाली बसल्याबगर पोटात जातच नाई बापा,"
म्हणत ताट उचलून उतरले.
त्यांच्यामागे त्यांचा मुलगा, मग मामा,
मग माझे बाबासुद्धा,
जणू वर बसणं आता उद्धटपणाच.

मी तांब्या घेऊन उभी.
मुलगा माझ्याकडे नाही,
तर्रीकडे बघत होता.

आई भात घेऊन आली. वाकली,
आणि वाकता वाकता थांबली.
एक हात टेबलाच्या कडेला.
मग तिनं गंज टेबलावर ठेवला,
खुर्ची ओढली
आणि बसली.

पंगत खाली, आई वर.
पदर सारखा केला, ताट जवळ घेतलं.
"बेबे, त्या कोपऱ्यातल्या बाप्पूले भात दे.
मामाजीची वाटी पाय.
तेल गरम हाये का? थंडं नोको घालू गोळ्यावर."
वरून तिला सगळी ताटं दिसत होती,
कोण लाजतंय, कोण हात मारतंय,
कोण मिरची भाताखाली लपवतंय.

डोमाजी मान वर करून म्हणाले,
"विहीणबाई, तुमी बी घ्या ना."
"घेऊन राह्यली," आई म्हणाली.
घास तोंडातच होता.

आठ दिवसांनी फोन आला.
मुलगी उंच आहे म्हणे.
बाबा दोन दिवस बोलले नाहीत.
आई बोलली, जेवता जेवता,
खिडकीजवळच्या खुर्चीतून
कोंबडीला कायमचं उठवून.

पत्रिका अजून पायाखाली आहे.
नावं पुसली, तारीख पुसली.
खाली वाकून पाहिलं
तर एवढंच वाचता येतं:
भोजन दुपारी एक वाजता.