काळी तार

जुन्या सांगवीत थंडी नदीवरून येते,
आधी पायऱ्यांवर, मग बॉनेटवर,
आणि पावणेसहाला किल्ली फिरवली
की थेट इंजिनाच्या घशात.

कुईं… कुईं… खट.

सत्त्याण्णवची मारुती. चोक पूर्ण ओढलेला.
मागच्या सीटवर थोरल्या जाऊबाई, कानटोपी, वर मफलर,
मांडीवर डायलिसिसची फाइल,
डावा हात शालीत, काचेचं भांडं न्यावं तसा.
मंगळवार, गुरुवार, शनिवार. पहिली पाळी साडेसहाची.

आम्ही बोलत नाही. म्हणजे बोलतो:
"पाणी किती प्यायलात?" "मोजून."
"गोळ्या घेतल्यात?" "घेतल्या."
एकोणीस वर्षांपूर्वी सासूबाईंच्या शिलाई मशीनवरून
काय झालं ते दोघींनाही आता धड सांगता येणार नाही,
पण मशीन तिच्याकडे आहे.

दुसऱ्या मजल्यावरून घोटवडेकर, ब्रश तोंडात तसाच:
"पेट्रोल जास्त झालंय. जरा थांबा."
तिसऱ्यावरून कोणीतरी: "थांबू नका, ढकला."

दापोडीच्या तांबोळींनी प्लग बदलले,
जुने हातावर ठेवून दाखवले, काढलेल्या दाढा दाखवाव्या तसे.
बॅटरी नवी. साडेतीन हजार. पावती आहे.
त्यांच्याकडे दुपारी गाडी एका झटक्यात सुरू व्हायची,
डॉक्टरसमोर खोकला थांबतो तशी.
"थंडीत आणा," ते म्हणाले.
गॅरेज दहाला उघडतं.

आज आठ अंश. आज खटसुद्धा नाही.
बॉनेट उघडून मी उभी राहिले
काही कळत नसताना लोक उभे राहतात तशी,
कंबरेवर हात.

मागचं दार वाजलं.
ती उतरली, उजव्या हातात मोबाइलचा टॉर्च.
थोरले भाऊजी एसटीच्या वर्कशॉपात अठ्ठावीस वर्षं होते,
रात्री जेवताना दिवसभराचे बिघाड सांगायचे म्हणे.
ती पोळ्या लाटता लाटता ऐकत असणार.
मला काय माहीत, मी त्या घरी जेवले कुठे.

"दिवे लाव."
लावले.
"आता किल्ली."
दिवे रॉकेल संपलेल्या कंदिलासारखे खाली गेले.
"बॅटरीला काही झालेलं नाही. ती काळी तार बघ.
जिथं बॉडीला टेकते, तिथं."

तिथं एक बोल्ट होता, दहा नंबरचा,
बुरा आलेल्या लोणच्याच्या फोडीसारखा,
आणि तार बोटानं हलत होती.
एवढीशी.

पाना डिकीत होता. पॉलिशपेपर नव्हता.
"वज्री आण."
तीन मजले चढून मी मोरीतली वज्री आणली,
टाचा घासायची, पितळेची,
आणि त्या गार लोखंडाला घास घास घासलं.
गंज नखांत गेला. टॉर्च हलला नाही,
एकदाच हलला, तिला ढास लागली तेव्हा.
आवळलं.
"अजून."
अजून आवळलं.
वरून व्हॅसलिनचं बोट, तिच्याच पर्समधलं.

सहा वाजून अठरा मिनिटं.
कुईं… आणि घर्रर्र, अख्खी इमारत उठवत,
मागे पांढऱ्या धुराचा लोट.
घोटवडेकर आत गेले, जणू त्यांनीच दुरुस्त केली.

ती पुढे येऊन बसली.
पट्टा मी लावला, डाव्या हाताला काचू नये म्हणून.
औंधच्या पुलावर धुकं, खाली नदी असावी.
मला काहीतरी म्हणायचं होतं,
मशीनचा पट्टा अजून टिकलाय का,
असलंच काहीतरी.

पूल संपता संपता तीच म्हणाली,
"कुंदे, चोक आत ढकल.
कधीची पेट्रोल जाळतेयस."