रकाना अकरा

तळघरात, जुन्या एक्स-रेंच्या पाकिटांना लागून
माझं टेबल. तीनशे बारा फायली.
मोठ्या आतड्याचा कॅन्सर, ऑपरेशन झालेले.
रकाना अकरा : रक्त दिलं का, किती पिशव्या.
रकाना बावीस : पेशंट आज कसा आहे.

अकरा फायलीतच सापडतो.
बावीससाठी फोन लावावा लागतो.

कुणी म्हणतं, राँग नंबर.
कुणी म्हणतं, थांबा हं, बाबांनाच देते.
मग मी थांबते.
पलीकडे कुकरची शिट्टी, चपला ओढत येणारी पावलं,
"कोण आहे गं?" असा खरखरीत आवाज
आणि माणूस फोनपर्यंत पोचायच्या आत
मी 'हयात' लिहून मोकळी होते.

धायरीच्या बाईंनी माझं सगळं शांतपणे ऐकून घेतलं.
म्हणाल्या, "या दसऱ्याला दोन वर्षं होतील त्यांना."
मग त्यांनीच विचारलं,
"तुमचं जेवण झालं का?"

शनिवारी हसबनीस सर पडद्यावर दोन रेषा दाखवतात.
एक रक्त दिलेल्यांची, एक न दिलेल्यांची.
पर्वतीच्या पायऱ्या उतराव्यात तशा उतरतात दोन्ही,
पण दिलेल्यांची भराभर.
सगळे उंची बघतात.
मी बघते ती डावीकडची अरुंद पायरी :
ते धायरीचे.

शिकाऊ डॉक्टर विचारते, "म्हणजे सर, रक्त वाईट?"
सर चष्मा काढतात, शर्टाच्या टोकाला पुसतात.
"रक्तामुळे,
की ज्यामुळे रक्त लागलं त्यामुळे?
मुळात आलीच ती पांढरीफटक होऊन, उशिरा.
टेबलावर रक्त जास्त गेलं, तेही यांचंच.
आता यातलं कुणी कुणाला मारलं?"
पुढचं ते बोलत नाहीत.
पंखा फिरतो. कुणीतरी दिवे लावतं.

मला यातलं काय कळणार, मी बी.कॉम.
पण दोनशे सात मला पाठ आहे :
यमाजी खुटवड, वय एकसष्ट, राहणार फुरसुंगी.
मूळव्याध समजून वर्षभर त्रिफळा.
दाखल झाले तेव्हा हिमोग्लोबिन सात पूर्णांक एक.
दोन पिशव्या आधी, एक नंतर.

फोन त्यांनीच उचलला.
"हाये की. पण लिव्हरवर आलंय म्हणतात आता. लिवा."
मी लिहिलं.
"ताई, एक इचारू?
माझ्या पोराच्या ग्यारेजातली तिघं जणं आली होती रक्त द्यायला.
एक तर सुईला भिणारा, डोळं मिटून पडलेला.
त्यांचं मला न्हाई लागलं. गट जुळंना.
दुसऱ्या कुणाला गेलं आसंल.
तुमच्याकडं सगळं आसतं ना लिहिलेलं?
त्यो माणूस कसा हाये?"

मी म्हटलं, बघते.
बघण्यासारखं काही नव्हतं.
पिशवीचा नंबर रक्तपेढीकडे, कुलपात;
माझ्याकडे फक्त तीन हा आकडा.
तरी मी फायली चाळल्या, त्याच आठवड्यातल्या,
तारखा बोटाने लावून लावून,
चहा गार होईपर्यंत.

शेवटी शेरा नावाचा एक रकाना असतो.
तिथे टाइप केलं : दुसऱ्याची चौकशी करत होते.
संगणकाने घेतलं नाही.
म्हणे, इथे फक्त अंक.

रक्तपेढी आमच्या वरच्याच मजल्यावर.
मला दोनदा परत पाठवलंय त्यांनी.
साडेबारा लागतं,
माझं दहा पूर्णांक आठ.
तिथली मुलगी बोट टोचून, कापूस दाबून म्हणते,
"मॅडम, तुम्हीच आधी नीट खा-प्या."

काल सुटल्यावर मंडईत उतरले.
पालकाच्या दोन जुड्या, बीट, पाव किलो गूळ.
भाजीवाली म्हणाली, सुट्टे द्या.
पर्स उपसत होते, तर तळाशी चिठ्ठी :
२०७, परत फोन करणे.