जुन्या उंबरापासून दोनशे मीटर

आमच्या गावात रस्त्यांना नावं नाहीत.
पत्ता सांगायचा तो असा:
जुन्या उंबरापासून दक्षिणेला दोनशे मीटर,
मग डावीकडे, हिरव्या फाटकाचं घर.
उंबर पडला त्याला एकोणीस वर्षं झाली.
फाटकही आता निळं आहे.

हान्नेके वहीत लिहून घेते.
मग खिडकीतून मान बाहेर काढून विचारते,
पण झाड कुठाय?
नाहीच आहे, मी म्हणते,
पण ते कुठे आहे हे सगळ्यांना ठाऊक आहे.
विमला हसू येतं. ती उंबरावर काट मारते,
गाडी वळते तोवर पुन्हा लिहिते.

मी योर्लेनी. अकरा वर्षं ही जीप चालवते,
कोस्टा रिकाच्या या टोकाला
थंडीला कंटाळलेल्या माणसांना घरं दाखवते.
कॅनडाची माणसं विचारतात, समुद्र किती मिनिटांवर?
जर्मन आधी छताच्या वाशावर बोटाने टकटक करतात.
एकट्या आलेल्या बायका थेट स्वयंपाकघरात जातात
आणि खिडकीशी उभ्याच राहतात.
तेव्हा मी बाहेर येऊन उगाच टायर तपासते.

पहाटे चारला जे किंचाळतं
ते माकड आहे, भूत नाही. सवय होते.
नाही झाली, तर घर विकून द्यायलाही मीच आहे.
बूट घालण्याआधी उलटा झटकायचा.
आणि समुद्र नंतर बघा हो, आधी कागद:
भरतीच्या रेषेपासून पन्नास मीटर कोणाचेच नाहीत,
तिथे कोणी कुंपण दाखवून भाव सांगितला
तर चहासुद्धा घेऊ नका त्याच्याकडे.
पाणीसमितीचं पत्र नसेल
तर ते घर नाही, चार भिंती आणि एक कोरडा नळ.
समुद्र दिसतो, कागद स्वच्छ, पाण्याचं पत्र हातात,
असं घर म्हणजे उंबराचं फूल.
(हे मी त्यांना सांगत नाही. गिऱ्हाईक पळेल.)

तिसरं घर काचेचं.
उंबराच नाही त्याला, दार नुसतं सरकतं.
तीन खोल्या, मी म्हणते, पोहण्याचा तलाव,
संध्याकाळी वारा इकडून.
हान्नेके विचारते, आधी कोण राहायचं इथे?
एक बाई, मी म्हणते. कोंबड्या होत्या तिच्या,
तलाव आहे ना, साधारण तिथे.
का विकलं?
मुलाला पिकअप घ्यायची होती.

ग्रेविनच्या त्या पिकअपचा पत्रा
खाऱ्या वाऱ्याने चार वर्षांत खाल्ला.
हेही सांगत नाही.

मागच्या अंगणात धुण्याची सिमेंटची मोरी तेवढी जुनी.
ही का ठेवलीय? विम विचारतो.
जड होती.
हान्नेके तिच्या कडेवरून हात फिरवते,
जिथे घासून घासून खोलगट झालंय, तिथे थांबते,
माझ्याकडे बघते.
मी नळ सोडून दाखवते. पाणी अजून येतं.
जोर चांगला आहे, मी म्हणते,
आणि बंद करायला जरा वेळ लावते.

ते घर त्यांनी घेतलं नाही. महाग होतं,
किंवा काय ते.
घेतलं वरच्या चढावरचं, लाकडी,
वाळवी लागलेला एक खांब मी बोट ठेवून दाखवला होता ते.
डॉन एफ्राईन दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

जूनमध्ये फोन आला.
गॅसवाल्याला घर सापडत नाहीये, योर्लेनी,
पत्ता काय सांगू?
मी म्हटलं, सांग,
दोन्या एलिदाच्या घरापासून वर शंभर मीटर.
थोडा वेळ नुसता पंख्याचा आवाज.
मग तिने हळूच विचारलं,
मोरीवाली?

हो म्हणायच्या आत
फोनमध्ये गाडीचा भोंगा वाजला,
कुत्री भुंकली,
आणि ती रिसीव्हर तसाच टाकून धावली.