टायरची आतली कड

लेओन्स ओक्वँ फरशीवर पालथा पडून बघतो:
पुढच्या दोन्ही टायरांच्या आतल्या कडा
झिजून गुळगुळीत, तार दिसायला आलेली.
बाहेरच्या कडेला नव्या रबराची लव अजून शाबूत.
मागचं एकटं चाक मधोमध टकलं.

"किती झाले?"
"चार हजार किलोमीटर," देल्फिन सांगते. "सगळे माझेच."

तो दोरी बांधतो, मागून पुढे ताणतो,
पट्टीवर मिलिमीटर मोजतो.
पुन्हा मोजतो.
चाकं फेंगडी.

मे महिन्यात त्यानंच जुळवली होती,
सीटवर वाळूची चार पोती ठेवून.
पंच्याण्णव किलो, म्हणजे फुल्जाँस.
तो बसला की गाडी जेवढी दबायची
तेवढ्यात सगळं सरळ होतं.
आता ती दबत नाही,
आणि केप ब्रेटनच्या कड्यावरचं एकेक वळण
आतलं थोडं थोडं रबर घासून नेतं.

समुद्रावरचा वारा शटर वाजवतो.
पोती अजून कोपऱ्यातच आहेत.
"तीच ठेव ना परत," देल्फिन म्हणते,
"त्याच्याच मापाची राहू दे."

लेओन्स पाना पुसतो.
"टायर महाग झालेत. बस आत."

ती बसते,
पासपोर्टच्या फोटोला बसल्यासारखी.
"स्टिअरिंग धर. श्वास सोड. हलू नकोस."
टाय-रॉडचा नट कुरकुरत पाव फेरा फिरतो.
"वजन किती तुझं?"
"एकसष्ट होतं," ती म्हणते. "आता माहीत नाही."

तो काही लिहून घेत नाही.
दोरी तेवढी पुन्हा ताणून बघतो.