कोंबडा की कोंबडी

मे महिन्यात उपकेंद्राच्या पायरीवर बाया बसतात,
कारखान्यावरून परतलेल्या.
कोयत्याचा हात अजून तसाच, अर्धा मिटलेला.
मी एकेकीची खालची पापणी ओढते
आणि आत बघते.

कार्डावर आकडा लागतो.
सात पॉइंट दोन. आठ. सहा पॉइंट नऊ.
मशीनच्या पट्ट्या संपल्या
की डोळाच वाचायचा.

मागे धारूरचा घाट.
सीताफळीची नुसती काटकं उरलीत,
मुरूम तव्यासारखा,
आणि त्यात करवंदीची जाळी
हिरवीगार, काही झालंच नाही अशी.

अयोध्या आली तिथूनच, ओढणीत पावशेर बांधून.
वजन छत्तीस. वय अठरा,
असं तिची आई म्हणते.
बोट दे म्हटलं तर पाची बोटं जांभळी,
कोपरापर्यंत ओरखडे,
वर वाळलेला पांढरा चीक.
स्पिरिटचा बोळा फिरवला, जांभळा झाला.
दुसरा घेतला, तोही.
रस कुठला नि रक्त कुठलं
ते तिसऱ्या बोळ्यावर कळलं.
सहा पॉइंट चार.

ती म्हणाली, सिस्टर, खेळता का?
मूठ पुढे केली.
कोंबडा की कोंबडी?
मी म्हटलं, कोंबडा.
तिनं दातानं फोडलं.
आत फिक्कट.
हरलात, म्हणाली, आणि अर्धं मला दिलं.

ठकूबाई बीपीच्या गोळ्या न्यायला येते
आणि जाता जाता मलाच औषध सांगते.
मूळ उगाळ लिंबाच्या रसात, खाजेवर लाव.
पाल्याचा काढा, ताप उलटून उलटून येतो त्याला.
शेळीच्या जखमेत किडे पडले तर पुन्हा मूळच,
पण ते शेळीला, तुला नाही.
कच्ची मिठात घाल,
तोंडाची चव गेली असली की एक चोख.
आणि जाळी तोडू नको गं बाई,
कुंपण कोण करील मग?
मी ऐकते.
सरकारी वहीत याला रकाना नाही.

अयोध्येनं विचारलं, खरंच का,
करवंदानं रक्त वाढतं?
खोटं कशाला सांगू.
इतकं सोपं असतं
तर या डोंगरात एकही बाई पांढरी नसती.
पोरी, लाल गोळी खा.
ती म्हणाली, मळमळतं. आई म्हणते, गोळीनं काळं होतं.
होऊ दे काळं.
चहासोबत घेऊ नको, चहा तिला वाया घालवतो.
वर चार करवंदं खा, आंबट असतं ना,
गोळी अंगी लागते.
तिनं मान हलवली, लेकरं हलवतात तशी,
म्हणजे काहीच कळत नाही
घेणार की शेळीच्या पाटीत टाकणार.

मृगात करवंदं गळाली, उरली ती किडली.
जाळी हिरवी ती हिरवीच.
मधले महिने मी लसीची पेटी घेऊन चिखलातून फिरले,
तिच्या वस्तीला दोनदा कुलूप,
एकदा ती दिसली, लांबून, डोक्यावर सरपण,
हात हलवला बहुतेक.

दसऱ्यानंतर ट्रक लागले.
भांडी, खाटा, कोंबड्या, माणसं, त्याच क्रमानं.
अयोध्या धावत आली पायरीपर्यंत.
गळ्यात नवी काळी पोत.
मी त्याबद्दल विचारलं नाही,
विचारायला हवं होतं.
हातात पाण्याची जुनी बाटली,
त्यात खारवलेली करवंदं, तळाशी मीठ.
नव्वद गोळ्या द्या, म्हणाली, तीन महिन्यांच्या.
मोजून.

पट्ट्या नव्हत्या.
मुकादम हॉर्न वाजवत होता.
तिनंच स्वतःची पापणी खाली ओढली,
डोळा उन्हाकडे केला,
आणि हसू दाबत विचारलं,
कोंबडा की कोंबडी?

मी वाकून पाहिलं.
नीट पाहिलं.
म्हटलं, अजून पिकायचंय.
गोळ्या वरच्या पिशवीत ठेव,
भिजतील नाहीतर.