ओझर, हँगरच्या मागे

दर दुसऱ्या सोमवारी आम्ही त्याची चाकं फिरवतो.
अर्धा वेढा. जास्त नाही.
एकाच जागी उभं राहिलं की टायर बसतो,
माणसाचंही तसंच, शेजवळ म्हणतो
आणि स्वतःचा गुडघा चोळतो.

कंपनी बुडाली. शेपटीवरचं नाव
पांढऱ्या रंगाखालून अजून वाचता येतं,
ऊन तिरपं झालं की.
इंजिनं उतरवून नेली दुसऱ्यांनी;
त्या जागी पिवळी वजनं टांगलीत,
पंखांना आपण हलके झालो असं वाटू नये म्हणून.

लाल फिती मात्र दर पावसाळ्यानंतर नव्या.
त्यांवर लिहिलंय : उड्डाणापूर्वी काढा.

पेपरात नवी विमानं शेकड्यांनी मागवतात.
नाशिकहून आणखी एक शहर जोडणार म्हणे,
मागच्या वेळी जोडलेलं
वेळापत्रकातून कधी गळलं, ते नाही छापलं.
पायलट कमी, सुटे भाग कमी,
दिवाळीची भाडी तेवढी वेळेवर वर.

सहा वाजता चालू विमान सुटतं.
द्राक्षबागांवरचे पक्षी क्षणभर उठतात, पुन्हा बसतात.
आमचं जरासं थरथरतं.
वाऱ्याने. शेजवळ म्हणतो, वाऱ्यानेच.

परवा आत झाडताना चौदा-एफच्या खिशात
चिवड्याचा अर्धा पुडा निघाला,
तोंड नीट दुमडून रबर लावलेलं.
परतीला खाऊ, असं कुणीतरी ठरवलं असणार.
रबर हात लागताच तुटलं.

टाक, शेजवळ म्हणाला.
मी पुडा पुन्हा दुमडला.
नोंदवहीत यासाठी रकाना नव्हता,
म्हणून लिहिलं : चाकं, अर्धा वेढा. बाकी ठीक.