शलाकाला, पहिल्या सोमवारी

शटर अर्धंच वर कर. पूर्ण केलंस
तर समोरच्या मिठाईवाल्याची पिवळी पाटी
गिऱ्हाइकाच्या डाव्या गालावर येते,
आणि पासपोर्ट ऑफिसात काविळीला माफी नाही.

कॅमेऱ्याचं म्हणशील तर
भोक किती उघडायचं आणि किती वेळ, एवढाच हिशोब.
उन्हात गेलेला माणूस डोळे बारीक करतो,
अंधारात मोठे करतो. हेही तेच करतं.
बाकीची बटणं आहेत. असू देत.
तीस वर्षांत मी त्यातली चारच दाबली.

स्टूल भिंतीपासून दोन हात पुढे.
टेकून बसवलंस की मागे सावली पडते,
डोक्याला दुसरं डोकं फुटल्यासारखी.
फरशीवर रंगाची खूण होती, झिजलीय,
पाय शोधतात बरोबर.

'हलू नका' म्हणू नकोस, माणूस दगड होतो.
'डोळे मिटू नका' तर नाहीच नाही,
सांगितलं की मिटतातच.
विचार, जेवलात का. विचार, बस कुठली मिळाली.
उत्तर देऊन झालं की ओठ मिटतात ना,
त्याच्या पुढचा अर्धा सेकंद
माणूस आपल्या घरी असतो.
तेव्हा दाब.

सोळा नंबर रोडच्या कंपन्या चालू होत्या तेव्हा
शिफ्ट सुटली की इथून नाक्यापर्यंत रांग.
गेटपासचे फोटो, चार प्रती, उद्या पाहिजेत.
नखांत ग्रीस आणि गळ्यात स्टुडिओचा टाय,
एकच, मरून रंगाचा, इलॅस्टिकवाला.
त्या टायमध्ये निम्मं किसननगर साहेब झालं.
आता तिथे काचेच्या इमारती. तिथली मुलं
पांढरी भिंत दिसली की मोबाइल काढतात.
टाय खणात आहे अजून. धुतलेला आहे.

गोरं करा म्हणतील.
उजेड वाढव, माणूस बदलू नकोस.
कांचन भगत म्हणून नर्स होती, सिव्हिलमधली,
मस्कतला निघालेली. मी न विचारताच उजळली तिला.
तिने फोटो पाहिला, पैसे मोजून दिले,
म्हणाली, काका, हिला विमानात घेतील,
मला दारातून परत पाठवतील.
दुसरा काढला. तो घेऊन गेली ती.
पहिल्याचं काय केलं विचारू नकोस.

तान्ह्या मुलाचा पासपोर्ट आला
की मात्र मला हाक मार.
त्याने अजून मान धरलेली नसते,
आणि नियम असा की फोटोत दुसरं कोणी नको.
मग आईला स्टुलावर बसवायचं,
डोक्यावरून पांढरी चादर, पार पायापर्यंत,
चादरीवर मूल,
आणि चादरीखालून तिचे हात त्याच्या मानेला.
आईची भिंत करायची.
भिंत आतून काहीबाही पुटपुटत असते,
मूल डोळे मोठे करून ऐकतं,
आवाज तर ओळखीचा, मग माणूस कुठे गेलं.
तेव्हा दाब.
फोटोत नुसतं पांढरं येतं.
नीट पाहिलंस तर कानामागे चादरीला
चार बोटांची वळी दिसते.
ती पुसायची. कॉम्प्युटरवर दोन मिनिटांचं काम.

मी पुसतो. पण एक प्रत न पुसता काढतो
आणि पाकिटात मागे सरकवून देतो, तिचे पैसे लावत नाही.
ही कशाला, म्हणून आजवर
कोणी परत आलेलं नाही.

लेन्स शर्टाने पुसायची नाही.
मी पुसली होती, तो बघ ओरखडा.
आणि सुट्टे पैसे डाव्या डब्यात.
चल, आधी तुझाच काढू. बस स्टुलावर.
केस कानामागे. पिशवी दे इकडे.
हं.
जेवलीस का?